चाळीस धड्यांचे घरटे

झाडांना मालक नव्हते, त्या काळची गोष्ट. एका पारवीचे अंडी घालायचे दिवस जवळ आले होते. पलीकडच्या वडावरून एक पोपट ओरडून धडे देई, "बसल्या जागी घरटं विणायला शिका!" पारवी आपल्या फांदीवरून ते रोज मन लावून ऐके.

शेजारची सुगरण म्हणाली, "अगं, नुसती ऐकत काय बसलीस? ये, काडी चोचीत धर. चार वेळा सुटेल, मग जमेल."

"चाळीस धडे होऊ देत, ताई. तोवर काडीला चोच लावायची नाही, असं गुरुजी म्हणतात."

धडे संपले. 'उत्तीर्ण' म्हणून पोपटाने तिला पिंपळपान दिले. त्याच दुपारी तिने पहिली काडी उचलली. घाईने रचलेल्या घरट्यात संध्याकाळी अंडी घातली आणि वाऱ्याच्या एका झोताने ती खाली पडून फुटली.

पारवी रडत वडावर गेली. "गुरुजी, तुमचं घरटं दाखवा. माझं कुठं चुकलं ते बघते."

"माझं? मी ढोलीत राहतो," पोपट म्हणाला. "पण तुला सगळे धडे तोंडपाठ आहेत ना? मग उद्यापासून तूच शिकव. ऐकणारे फार वाढलेत."

पारवीला दुसरे काही येतही नव्हते. सकाळी तिच्या झाडाखाली टरफले तशीच पडलेली होती आणि वडावरून तिचा खणखणीत आवाज येत होता, "धडा पहिला. काडी कशी निवडावी."