चाकातला हळदीचा दोरा

डोंगरमाथ्यावर एक गाव होतं. त्या गावात सायकल एकच, आणि तीही एका गवळणीची! तिची लेक यमुना घाटाखालच्या शाळेत राहून शिकत होती. श्रावणात पोरीचा निरोप आला, "आई, जिवतीच्या शुक्रवारी सगळ्यांच्या आया औक्षणाला येतात. तू दिवेलागणीपर्यंत आली नाहीस, तर मी दप्तर घेऊन घरी येते. मग मला परत पाठवू नकोस."

पोरगी हट्टी, म्हणेल ते करेल. त्या शुक्रवारी गवळणीनं जिवतीपुढे हात जोडले, "आई, आज मी जाणारच."

नेमकं पुढचं चाक पंक्चर! तिनं स्वतःच चाक उतरवलं, पंक्चर काढलं. चाक परत चढवताना वाटेत विघ्न नको म्हणून आसाच्या एका टोकाला हळदीचा दोरा गुंडाळला, तीन गाठी मारल्या आणि वरून नट आवळले.

चाक फिरवून पाहिलं, तर एका बाजूला ब्रेकचं रबर घासतंय. खर्रर्र, खर्रर्र!

शेजारचे भाऊजी म्हणाले, "वहिनी, ब्रेक सैल करा की! नाहीतर घरूनच चारी दिशांना अक्षता टाका. देवाला पोचतात त्या."

"देवाला पोचतील हो भाऊजी, पण रुसलेल्या पोरीला कुठं पोचतात?" असं म्हणून तिनं ब्रेक सैल केला. चाक गरागरा फिरलं. पुरणाचे पाच दिवे डब्यात घालून ती निघाली.

घाटाच्या अलीकडे छोटा उतार होता. तिथं म्हैस आडवी आली. गवळणीनं ब्रेक दाबला, पण सायकल थांबेचना! ती थेट घाणेरीच्या झुडपात शिरली. कोपर सोलवटलं, एक दिवा चेपला. म्हैस मात्र शांतपणे रवंथ करत बघत राहिली.

"इथं निदान झुडूप तरी होतं," गवळणीच्या मनात आलं, "घाटात काय असणार?"

ऊन कलायला लागलं होतं. चालत जावं तर पोचणार नाही. तसंच उतरावं तर जिवाची खात्री नाही. तिनं पदर खोचला, पिशवीतून पाना काढला आणि नट सोडले. पाहते तर काय, एका बाजूला आस चिमट्याच्या खाचेत पूर्ण बसलाच नव्हता. मध्ये दोऱ्याच्या गाठी! म्हणूनच चाक कलून घासत होतं.

तिचा हात थबकला. हा दोरा सोडायचा? देवीच्या नावाचा?

क्षणभर डोळे मिटून ती म्हणाली, "आई, दोरा बांधला तो लेकीपर्यंत पोचावं म्हणून. तोच अडवतोय, तर जागा माझीच चुकली."

दातांनी गाठी सोडवून तिनं दोरा मनगटाला बांधला. सायकल उभी धरून हँडलवर भार दिला, तसा आस दोन्हीकडून खाचेत टेकला. एकदा इकडचा नट, एकदा तिकडचा, असं थोडं थोडं आवळलं. ब्रेकची तार पुन्हा ताणली. चाक फिरवलं, आवाज नाही. ब्रेक दाबला, चाक जागच्या जागी थांबलं.

मग जपून, ब्रेक धरत धरत ती सगळा घाट उतरली.

यमुना शाळेच्या पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. "आलीस होय! आणि हे काय, चारच दिवे?"

"पाचवा झुडपाला ओवाळून आले."

पोरगी रुसवा विसरून खुदकन हसली. गवळणीनं लेकीला ओवाळलं आणि आपल्या मनगटावरचा दोरा तिच्या हाताला बांधला. यमुना उठली, आत गेली आणि दप्तर पुन्हा खुंटीला अडकवून आली.

तात्पर्य एवढंच, बाळांनो: काही घासायला लागलं, तर सांभाळणारा ब्रेक सैल करू नये. आपलंच काय वाकडं बसलंय, ते उघडून पाहावं आणि नीट बसवावं. अशा हातांना देवही जोर देतो.