मोठ्यानं वाच

"पण त्यात खोटं काय होतं, बुवा?"

भानुदास गुरुजींनी पुन्हा तेच विचारलं.

अवचितबुवा मठाच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होते. मोतीबिंदूमुळे त्यांना जवळजवळ दिसत नसे, शेंग बोटांनाच कळायची. अर्धांगाचा झटका आल्यापासून तोंड डावीकडे ओघळलं होतं. लाळ गळायची, ती ते उपरण्याच्या टोकानं टिपत. त्यामुळे बोलणं थोडं आणि तुटक.

याच ओट्यावर त्यांनी भानुदासकडून मुळाक्षरं गिरवून घेतली होती. आता तो गावच्या शाळेत गुरुजी होता, आणि आपण किती छान शिकवतो हे सांगायची संधी तो सहसा सोडत नसे.

"पहिल्यापासून सांग," बुवा म्हणाले.

"माझ्या वर्गात उघडं नाम चालत नाही, बुवा. कुणी नुसतं 'हात' लिहिलं की मी विचारतो, कसे हात? पोरं म्हणतात, काळे. आणखी? भाजलेले. आणखी? असं शब्दामागं शब्द लावत गेलं की माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. केंद्रप्रमुख म्हणाले, असं वर्णन शिकवणारा गुरुजी तालुक्यात नाही."

"बरं."

"पालकसभेत पोरांनी आपल्या आवडत्या माणसावर लिहिलेलं वाचायचं होतं. चौथीतल्या उज्ज्वलानं कौसाबाईवर लिहिलं. आमच्या शाळेत खिचडी शिजवते ती. पोरीचा फार जीव तिच्यावर. मी मुद्दाम बाईला पुढं बसवलं. नवं लुगडं नेसून आली होती."

"काय लिहिलं होतं पोरीनं?"

गुरुजींना ते पाठ होतं. "'कौसामावशीचे भाजून आखडलेले, दोन बोटं एकमेकांना चिकटलेले, जळक्या लाकडासारखे काळे हात...' चौथीतली पोर, बुवा. मोठ्या माणसाला सुचायचं नाही."

सांगताना त्याच्या अंगावर अजूनही मूठभर मांस चढत होतं. दुःख सांगायला आलेला माणूस असा दिसत नाही.

"वाक्य तिथंच संपलं?"

"नाही. 'हात मला फार आवडतात', असं होतं पुढं. पण तोवर मागची काही माणसं हसायला लागली होती. ऐकू गेलं नसेल."

"कौसाबाईला?"

"तिनं हात पदराखाली घेतले..."

बुवांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"आता वाढताना हाताला फडकं गुंडाळते," गुरुजी खाली बघत म्हणाला. "आणि पोरीनं लिहिणंच सोडलंय. पाटीपेन्सिल पुढं ठेवली तर हात मागं घेते. कौसाबाई वाढायला आली की पंगतीतून उठून जाते. जिल्ह्याची निबंधस्पर्धा तोंडावर आलीय. मी समजावलं, अगं, तू खोटं काहीच लिहिलं नाहीस. तर रडायला लागली. तुम्हीच सांगा, तिला पुन्हा लिहितं कसं करू?"

घोडं पेंड खात होतं ते इथं.

बुवांनी लाळ टिपली.

"पोरीनं सलग वाचलं?"

गुरुजी ओट्यावर पडलेली सालं गोळा करायला लागला.

"भानुदास..."

"मध्ये थांबली एकदा."

"कुठं?"

"'कौसामावशीचे' एवढं म्हणाली आणि थांबली. पुढं बसलेल्या बाईकडं बघत राहिली."

"मग?"

"मग... मी मागून म्हणालो, थांबतेस काय? मोठ्यानं वाच." तो घाईनं पुढे म्हणाला, "केंद्रप्रमुख समोर बसले होते, बुवा."

मागं हात घालून चाचपडत बुवांनी पोरांची एक पाटी आणि पेन्सिलीचा तुकडा काढला.

"माझ्यावर लिही."

"तुमच्यावर?"

"तुझ्या वर्गात लिहितात तसं. हात राखू नको."

भानुदासनं आढेवेढे घेतले, पण फार नाही. लिहिण्यात हात बसलेला माणूस, पाटी समोर आली की त्याला राहवत नसे. शिवाय बुवांना दिसत नव्हतं. पेन्सिल कुरकुरत राहिली. एका ठिकाणी त्यानं एक शब्द खोडला, त्याहून नेमका घातला आणि स्वतःवरच खूश झाला.

"झालं?"

"झालं."

"वाच."

"बुवांची पिंजलेल्या कापसासारखी पांढरी दाढी. शेंगा सोलून हिरवट झालेली बोटं. धुकं साचल्यासारखे शांत डोळे. आणि बुवांचं..."

पाटीवर पुढची ओळ ठसठशीत होती. एका बाजूला ओघळलेलं, लाळेनं सदा ओलं, अर्धं मेलेलं तोंड. खोडून घातलेला शब्द 'मेलेलं' हा होता.

तेच तोंड आता त्याच्याकडं वळलं होतं. बुवा कान देऊन ऐकत होते.

"...बुवांचं प्रेमळ बोलणं," भानुदास म्हणाला. "संपलं."

"नाही. पेन्सिल जास्त वेळ वाजली."

भानुदासचा अंगठा आपोआप त्या ओळीवर गेला.

"पुसू नको."

अंगठा मागे आला. भानुदासला लाज वाटली. आधी लिहिलेल्या शब्दाची, मग तो लिहिताना झालेल्या आनंदाची. आणि मग नवं लुगडं नेसून पुढं बसलेली कौसाबाई त्याला आठवली, तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं. बुवांसाठी त्याची जीभ लगेच अडली होती. त्या दिवशी तिच्यासाठी ती चांगली मोकळी चालली होती.

"थांबतोस काय?" बुवा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. "मोठ्यानं वाच."

भानुदासनं पाटी उचलली. मग ती तशीच पालथी मांडीवर ठेवली.

"नाही वाचवत, बुवा."

बुवांनी उपरण्यानं तोंड टिपलं आणि चाचपडत पुढची शेंग उचलली.

"एवढं त्या पोरीला आधीच येत होतं."