जाळायची दांडी

दांडी अखंड लाकडाचीच हवी, आणि का ते विचारायचं नाही, असा मिरजेच्या दस्तगीरचाचांच्या सतारीच्या कारखान्यातला नियम. पुतणी नाजनीनने मात्र गिऱ्हाइकाच्या इलेक्ट्रिक गिटारला लाकडाच्या तीन पट्ट्या चिकटवून दांडी केली.

"जाळ ती!" चाचा गरजले.

"जाळते. आधी डोळे मिटून ही आणि तुम्ही केलेली गिटार वाजवा, नि वाईट कोणती ते सांगा."

चाचांनी कारखान्यातल्या बुजुर्ग कारागिरांसमोर डोळे मिटून दोन गिटारी छेडल्या. तारांच्या ताणाने एकीची दांडी पिळली होती, सूर खरखरला.

"हीच जोडलेली! चुलीत घाला!"

डोळे उघडले, तर हातात त्यांचीच अखंड दांडी.

"बरं, तुझी पाठवू," चाचा पुटपुटले. "गिऱ्हाइकाला अखंड म्हणून सांग."

"नाही सांगणार. जोडलीय म्हणूनच सरळ राहिली, असं सांगेन. जाळायची कोणती, ते तुम्हीच ठरवलंत."