तळव्याचं प्लास्टिक

संगणकाचे डबे टेबलाखाली घोंघावत, त्या काळची गोष्ट. लग्नपत्रिका करून देणाऱ्या कुंदाताईंचा प्रोसेसर इतका तापे, की मुहूर्त टाइप होण्याआधीच संगणक बंद पडे. शेवटी ताईंनी प्रोसेसरवरचा जुना पंखा काढून टेबलावर ठेवला आणि त्या जागी तांब्याच्या नळ्यांचा भलाथोरला कूलर बसवला.

तरी प्रोसेसरच्या अंगाची लाहीलाही होतच राहिली.

“कूलरराव, गारवा येईना हो,” तो म्हणाला.

“मी तर गरागरा फिरतोय. तुमचा स्वभावच तापट,” कूलर म्हणाला.

टेबलावरून जुना पंखा म्हणाला, “राव, खोक्यातून येताना तुमच्या तळव्याला चिकटवलेलं प्लास्टिक अजून तसंच आहे. प्रोसेसरची धग तुमच्यापर्यंत पोचणार कशी?”

“ते काढलं, तर मी नवा कसा दिसेन?”

“तेही खरंच. मग इथे माझ्याशेजारी येऊन बसा. इथे काहीच काम नाही, कायम नवे राहाल.”