आसदरीच्या दोन वाट्या

पाट जिथे दोन फाटे घेतो, तिथे ही दगडी डोण आहे. तिच्या काठावर पालथ्या ठेवलेल्या दोन तांब्याच्या वाट्या पाहून पाहुण्यांना वाटतं, पाणी प्यायला ठेवल्या असतील. पण उचलून उजेडाकडे धरा. दोन्हींच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक आहे. पाण्यावर सोडली की वाटी तरंगते, हळूहळू भरते आणि बुडते. ती बुडाली की एक घटका झाली. पूर्वी लग्नाचा मुहूर्त असाच मोजत. इथे मात्र या वाट्या पाणी वाटायला आल्या, आणि त्या आल्या त्या साळूमुळे, असं सांगतात.

काणी नदीवरचा हा बंधारा दोन गावांनी मिळून बांधला. वरली आसदरी आणि खालली आसदरी. पाणी वाटायला तेव्हा एक काठी होती म्हणे, इथेच रोवलेली. तिची सावली खुणेच्या दगडाला टेकली की वरल्या गावाची पाळी सरायची, पाटातली फळी उचलायची आणि पाणी खाली जायचं. उन्हाच्या दिवसांत या काठीनं कधी तंटा होऊ दिला नाही.

पण एका माघात अवेळी आभाळ भरून आलं आणि हटेचना. पाऊस नाही, ऊन नाही. सावली पडेना. तेव्हा वरल्या गावाचा पाटकरी, म्हणजे पाण्याची राखण करणारा माणूस, होता केरोजी. तो म्हणाला, "सावली दगडाला टेकली नाही. म्हणजे आमची पाळी सरली नाही." फळी तशीच राहिली. खाली गहू दाण्यावर आलेला, शेवटच्या पाण्यावाचून माना टाकू लागला. विनवायला आलेली माणसं हात हलवत परत गेली.

साळू ही या केरोजीचीच मुलगी. तिचं लग्न खालल्या आसदरीच्या हैबतरावांच्या मानाजीशी आधीच ठरलेलं. ठरल्या दिवशी वऱ्हाड वर आलं, ते कोरड्या पाटाच्या कडेकडेनं. मांडवात जोशीबुवांनी घंगाळात वाटी सोडली. अंतरपाट धरला गेला. तेवढ्यात वऱ्हाडातलं कुणीतरी बोललं, की इथे अक्षता आणि तिकडे आमचा गहू करपतोय. वरल्या गावच्या कुणीतरी उलट उत्तर दिलं. बघता बघता माणसं उठली, मांडवाचे वासे उपसले गेले. हैबतराव मुलाचा हात धरून म्हणाले, "चल. असल्या घरची सून नको."

साळूनं अंतरपाट बाजूला सारला. घंगाळातली वाटी अजून बुडाली नव्हती. ती तिनं उचलली आणि मुंडावळ्या बांधलेल्या, हळदीच्या लुगड्यात ती तडक पाटाकडे चालू लागली. लग्नातली नवरीच निघाल्यावर भांडणारे काय करणार? सगळे मागोमाग आले.

गुरांना पाणी पाजायची ही डोण तेव्हाही भरलेली होती. साळूनं वाटी तिच्यात सोडली आणि बापाला म्हणाली, "आबा, माझा जन्म ज्याच्या हाती द्यायचा, त्याची वेळ तुम्ही या वाटीला विचारलीत. मग पाण्याची वेळ हिला का विचारत नाही? हिला ऊनही लागत नाही आणि सावलीही."

केरोजी लेकीच्या तोंडाकडे न बघता पाटात उतरला आणि फळी त्यानं स्वतःच्या हातानं उचलली. पाणी खाली धावलं.

हैबतरावांना मात्र भरवसा येईना. "वाटी तुमच्या गावची. तिचं भोक लहान की मोठं, आम्ही काय जाणावं?"

"मग तुमच्या गावची आणा," साळू म्हणाली. "दोन्ही एकदम बुडेपर्यंत मी इथून उठणार नाही."

वऱ्हाडात खालल्या गावचा गणू तांबट होता. तो तसाच घरी गेला, वाटी घडवायला बसला. तोवर ही एकच वाटी, आणि तिच्यावर दोन्ही गावांचे डोळे. वाटी बुडाली की फळी टाकायची, पुन्हा बुडाली की उचलायची. लग्नाचं जेवण पाटावरच आणून वाढलं. साळू जागची हलली नाही, तसा मानाजी येऊन डोणीच्या पलीकडे बसला. म्हणाला, "वाटीकडे मी बघतो. तू जरा डोळे मीट."

दुसऱ्या दिवशी गणू आला. त्याची वाटी उशिरा बुडाली. त्यानं सुईनं भोक किंचित वाढवलं. तरी मागेच. पुन्हा सुई फिरवली. माणसं डोणीवर वाकली. या खेपेला दोन्ही वाट्या एकदम पाण्याखाली गेल्या आणि तळाला लागताना एकच आवाज झाला, असं सांगतात. ज्यांनी वासे उपसले होते तेच एकमेकांच्या पाठीवर थाप मारायला लागले.

केरोजी जोशीबुवांना म्हणाला, "मुहूर्त तर कालच टळला. आता?"

जोशीबुवा हसले. "वाटी बुडाली की मुहूर्त. आज तर दोन बुडाल्यात."

तिथेच, पाटाच्या काठावर, लग्न लागलं. हैबतरावांनी सुनेला हाताला धरून नेलं, ते भरल्या पाटाच्या कडेकडेनं. त्या साली गहू दोन्ही गावांत आला.

आजही दोन्ही आसदऱ्यांत लग्नाची वेळ पंचांगात बघत नाहीत. नवरी इथे येऊन वाट्या सोडते, आणि त्या बुडेपर्यंत आपल्या गावचं पाणी दुसऱ्या गावाला देते. गेल्या फाल्गुनात माझ्या नातीचं लग्न झालं, खालल्या आसदरीतल्या मुलाशी. आम्ही वरले, आणि यंदा पाणी आम्हालाच कमी. खालची मंडळी म्हणाली, "राहू द्या या साली." पोरीनं ऐकलं नाही, फळी उचलली. खालची माणसं मुठीत अक्षता धरून उभी होती. पाणी त्यांच्या रानाकडे वळलं, वाट्या बुडाल्या, तेव्हा कुठे त्यांनी मुठी उघडल्या.