फणसावरचं नाव

द्वारकाकाकूंच्या फणसाखाली खोतांचे गडी कुऱ्हाडी घेऊन उभेच होते. मामलेदारांनी हो म्हणायचा अवकाश होता.

खोतांनी आपल्या डोक्याच्या हातभर वर कोरलेलं स्वतःचं नाव दाखवलं. "सात वर्षांचा असताना कोरलं. झाड वाढलं, तसं नावही वर गेलं. फणस आमचाच."

मामलेदारांनी मान डोलावली. तेवढ्यात काकूंना खोडानं अर्धी गिळलेली लोखंडी कडी दिसली.

"रावसाहेब, सासऱ्यांनी म्हशीसाठी ही कडी ठोकली, त्याला चाळीस वर्षं झाली. अजून गुडघ्याशीच आहे. झाड शेंड्याकडं वाढतं, खोडावरचं जागचं हलत नाही." त्या खोतांकडे वळल्या. "सातव्या वर्षी एवढे उंच होतात, मग नंतर आखडलात कशानं, खोत?"

मामलेदारांनी सांगण्याआधीच गड्यांनी कुऱ्हाडी खाली ठेवल्या.