योबेल वर्षाचा न लागलेला निवाडा

पूर्वी, इस्राएलाचे बारा वंश यार्देन नदी उतरून वचनदत्त भूमीत स्थिरावले होते आणि अद्याप कोणी राजा त्यांच्यावर छत्र धरून बसला नव्हता, त्या काळी एफ्राईमच्या पर्वतप्रदेशात एल्याशार नावाचा तपोवृद्ध न्यायाधीश एका विशाल ओकवृक्षाखाली न्यायासन मांडून बसत असे. शुभ्र दाढीचा, मितभाषी, सारे धर्मविधी जिव्हाग्री असलेला तो पुरुष बोलला म्हणजे वाद मिटलाच, अशी त्याची ख्याती होती.

त्या भूमीत योबेलाचा विधी होता. दर पन्नासाव्या वर्षी शिंग फुंकले जाई आणि आपत्काळी विकलेली जमीन मूळ कुळाकडे परत येई. त्या वर्षी पेरणी नाही, कापणी नाही. आपोआप पिकेल ते सर्वांनी खावे. अखिराम नावाच्या गृहस्थाने दुष्काळात आपले खडकाळ शेत इथ्मा नावाच्या परदेशीयाला, शेजारच्या मवाब देशातल्या माणसाला, विकले होते. अखिराम पुत्राविना वारला. मागे राहिली एकुलती कन्या हमुटल. ती परक्यांच्या शेतांत सांडलेली कणसे वेचून पोट भरी. पुत्र नसल्यास कन्या वारस, हाही विधीच होता.

शिंग निनादले आणि हमुटल आपल्या पित्याच्या बांधावर आली. पाहते तो खडक नाहीसे झालेले, द्राक्षवेलींचे मांडव पसरलेले, मध्ये विहीर, आणि विहिरीकाठी एक कबर.

"हे शेत माझ्या पित्याचे," ती म्हणाली.

"कन्ये, तुझ्या पित्याने मला दगड दिले होते," वृद्ध इथ्मा म्हणाला. "इथे माझी मुले वाढली, माझी पत्नी निजली आहे. मवाबात मला आता कोणी ओळखत नाही. मी जाऊ कुठे?"

दोघे न्यायासनासमोर उभे राहिले. एल्याशाराने दोघांचे ऐकले. शेत कुळाला परत द्यावे, असे विधी सांगत होता. परदेशीयाला छळू नये, कारण तुम्हीही मिसर देशात परदेशीच होता, असेही तोच विधी सांगत होता. त्या धर्मज्ञाची मती जन्मात प्रथमच कुंठित झाली. तो अन्नत्याग करून पर्वतावर गेला.

शिखरावर मेघ उतरला. मेघातून वाणी आली, "एल्याशारा, तू कोणाची भूमी वाटायला निघालास? भूमी माझी आहे. ती कन्या तिथे पाहुणी, तो मवाबी पाहुणा, आणि तूही पाहुणाच."

"प्रभो, हे शिरसावंद्य! पण शेत कोणाला देऊ?"

उत्तर आले नाही. मेघ विरून गेला.

एल्याशार खाली आला आणि त्याने ती वाणी जशीच्या तशी सांगितली. जमाव बुचकळ्यात पडला. "म्हणजे शेत कोणाचे?" एकाने विचारले.

"मला कळले नाही," एल्याशार म्हणाला. असे शब्द त्याच्या मुखातून कोणी ऐकले नव्हते.

हमुटलेचे डोळे भरून आले. "न्याय मागायला आले होते मी! मी वारस की पाहुणी, एवढे तरी सांगा!"

इथ्मा संकोचाने म्हणाला, "वेलींवर शेवटचे घड पिकले आहेत. या वर्षी ते माझेही नाहीत, तुझेही नाहीत. सडून जातील. उपाशी आहेस ना? चल."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. राग गेला नव्हता. पण पावले त्याच्यामागे निघाली.

ते पाहून एल्याशार हात उंचावून गरजला, "हा प्रश्न सुटेपर्यंत जो दुसऱ्याला या शेतातून हाकलील, त्याच्यापुरत्या या वेली वांझ होवोत!"

इथ्मा पुढे पत्नीशेजारीच विसावला. हमुटल विहिरीकाठी नांदली. प्रत्येक योबेलास दोन्ही कुळांचे वंशज न्यायासनापुढे येतात, शेत कोणाचे म्हणून विचारतात. त्या काळचा न्यायाधीश मेघातली वाणी ऐकवतो, आणि कोणालाच काही उमगत नाही. मग ते आपसांत वाद घालत, टोपल्या घेऊन, एकाच वाटेने द्राक्षे खुडायला जातात.